आधी वार, मग नकाशा: बायोन ते ओंदारिबिया, दहा रात्रींची आखणी

फ्रान्सच्या नैऋत्य कोपऱ्यातून पिरेनीज ओलांडून उत्तर स्पेनमध्ये उतरायचं, तेही छोट्या गावांतून, तर नकाशा लगेच उघडू नका. आधी कागदावर शुक्रवार ते सोमवार असे अकरा वार मांडा. इथे अंतरं किरकोळ आहेत, पुण्याहून वाई-महाबळेश्वर करण्याइतकीच. घोळ होतो तो वारांचा. बुधवारी गेलात तर गाव झोपलेलं आणि गुरुवारी त्याच चौकात पाय ठेवायला जागा नाही. आपल्याकडच्या आठवडी बाजाराची गावं ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाजार हाच त्या गावांचा कणा, आणि बाजार दुपारी एक-दीडला आवरतो.

जे वार हाताशी ठेवायचे ते असे. बायोनला शनिवारी नीव्ह नदीच्या काठी मोठा बाजार. साँ-झाँ-पिए-द-पोरला सोमवार. साँ-झाँ-द-ल्यूझला मंगळवार आणि शुक्रवार. सीमेपलीकडे एस्तेयाला गुरुवार, तोलोसाला शनिवार, ओर्दिसियाला बुधवार (हा बाजार १५१२ पासूनचा) आणि गेर्निकाला सोमवार. सगळे एका फेरीत बसत नाहीत, बसवायचा अट्टहासही करू नका. चार बसले तरी सहल भरली.

याच्या उलट बाजूला बंदचे वार. फ्रान्समध्ये रविवारी दुपारपासून सोमवार संपेपर्यंत छोट्या गावातली बरीच दुकानं आणि खानावळी बंद असतात. इतर दिवशीही साडेबारा ते अडीच शटर खाली. स्पेनमध्ये दुकानं साधारण दोन ते पाच बंद, रविवारी पूर्ण बंद, आणि सोमवारी संग्रहालयं बंद. दारावरची पाटी वाचता आली तरी पुष्कळ: फ्रेंचमध्ये 'फेर्मे', स्पॅनिशमध्ये 'सेर्रादो', बास्क या इथल्या स्थानिक भाषेत 'इचिता'. तिन्हींचा अर्थ एकच, पुढे चला.

मग फेरी अशी लागते. शुक्रवार आणि शनिवार रात्र बायोन, रविवार आणि सोमवार रात्र साँ-झाँ-पिए-द-पोर, मंगळवार-बुधवार एस्तेया, गुरुवार लागुआर्दिया, शुक्रवार तोलोसा, शनिवार-रविवार ओंदारिबिया, आणि सोमवारी परत बियारिट्झ. गाडीने एकूण सहाशे किलोमीटरच्या आसपास. सर्वांत लांब पल्ला लागुआर्दिया ते तोलोसा, सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर.

ही फेरी गोल ठेवण्याचं कारण भाड्याची गाडी. फ्रान्समध्ये उचलून स्पेनमध्ये सोडली तर दुसऱ्या देशात सोडण्याचा आकार लागतो आणि तो बऱ्याचदा आठवड्याच्या भाड्याच्या जवळ जातो. आरक्षणाच्या पहिल्या पानावर तो ठळक दिसत नाही, शेवटच्या पानावर दिसतो. बियारिट्झ विमानतळावर घेऊन तिथेच परत दिली की प्रश्न मिटतो. गाडी सीमेपलीकडे नेणार हे मात्र करारात लिहून घ्या. न सांगता नेली आणि पलीकडे काही झालं तर विमा हात वर करू शकतो. गिअर न बदलावी लागणारी गाडी हवी असेल तर लवकर नोंदवा, कारण अशा गाड्या कमी असतात आणि महाग पडतात. डाव्या बाजूला बसून उजव्या हाताने गिअर टाकत घाट चढायची पहिलीच वेळ असेल, तर जास्तीचे पैसे खुशाल द्या.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून निघतो, परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करून. मुदत एक वर्ष, आणि तो मूळ परवान्यासोबतच चालतो. दोन्ही बरोबर हवेत.

व्हिसाचा हिशेब रात्रींवर आहे आणि लोक इथेच अडकतात. शेंगेन व्हिसा एकच, दोन्ही देशांत चालतो, पण अर्ज जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे करायचा. वरच्या फेरीत फ्रान्समध्ये चार रात्री, स्पेनमध्ये सहा. म्हणजे विमान पॅरिसला उतरलं तरी अर्ज स्पेनकडे. आता येताना किंवा जाताना पॅरिसमध्ये दोन रात्री जोडल्या की सहा-सहा बरोबरी होते, आणि बरोबरीत पहिल्या प्रवेशाचा देश, म्हणजे फ्रान्स. तिसरी रात्र जोडली तर फ्रान्सच. त्यामुळे पॅरिसचं काय ते आधी ठरवा, मग अपॉइंटमेंट घ्या; उलटं केलंत तर सगळी कागदपत्रं पुन्हा. प्रौढांना शुल्क ९० युरो, वर अर्जकेंद्राचा आकार. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी पोचायला हवा, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर कोणी राहू नये. विमा किमान ३०,००० युरोचा, पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध आणि त्यात दोन कोरी पानं. युरोपात शिरताना आता बोटांचे ठसे ताडतात आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, पहिल्या वेळी रांगेत वेळ जातो. पॅरिसच्या विमानतळावरून मोंपारनास स्थानकात जाऊन पुढची ट्रेन पकडायची असेल तर मध्ये चार तास सोडा. मोंपारनासहून बोर्दो दोन तासांवर आहे, बायोन साधारण चार. स्वस्त तिकीट सहसा बदलता येत नाही, हे विमान उशिरा आल्यावर आठवण्यात अर्थ नाही.

सामानाबद्दल एकच. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप, पनीर घरी. ताजा कढीपत्ता आणि बहुतेक फळंही नाहीत. भाकरवडी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी जाते.

महिना कोणता? मे-जून किंवा सप्टेंबर. बास्क किनाऱ्यावर पाऊस कधीही येतो. तिथल्या बारीक बुरबुरीला 'सिरिमिरी' म्हणतात आणि नाव ऐकूनच अंगावर शिरवं आल्यासारखं वाटतं. डोंगररांग ओलांडून एस्तेया-लागुआर्दियाकडे उतरलं की मात्र हवा कोरडी आणि ऊन कडक, घाटमाथ्यावरून पूर्वेकडे उतरावं तसं. टाळायच्या तारखा: ६ ते १४ जुलै पाम्प्लोनाचा सान फेर्मीन उत्सव, जुलैतच बायोनचे पाच दिवसांचे उत्सव, १५ ऑगस्टचा आठवडा (दोन्ही देशांत सुट्टी, सान सेबास्तियानमध्ये मोठा उत्सव) आणि ८ सप्टेंबर, ओंदारिबियाची मिरवणूक. बैलांपुढे धावायला किंवा ढोल ऐकायला जायचं असेल तर जरूर जा, पण मग ती वेगळी सहल. खोल्यांचे भाव तिप्पट होतात आणि गाडी गावात नेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्समधली स्वयंपाकघरासकट मिळणारी 'जीत' घरं बहुधा शनिवार ते शनिवारच भाड्याने देतात, म्हणजे वारांचं सगळं गणित कोसळतं.

आता एकेक टप्पा.

बायोनला शनिवारी सकाळी नऊच्या आत नदीकाठी जा. रविवारसाठी पाव, चीज, फळं इथेच घ्या, कारण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती मिळतील याची खात्री नाही. मेंढीच्या दुधाचं ओसो-इराती चीज, सोबत इत्सासूच्या काळ्या चेरीचा मुरंबा, ही जोडी पावाबरोबर जेवणाचं काम करते. बायोनला चॉकलेट सतराव्या शतकात आयबेरियातून परागंदा झालेल्या ज्यू लोकांबरोबर आलं. ते प्यायला पोर-नफ रस्त्यावर बसा आणि उरलेली दुपार जुन्या गल्ल्यांत घालवा.

रविवार कठीण वार, म्हणून तो डोंगराला आणि पर्यटकांच्या गावांना द्या. तिथे रविवारी उघडं असतं. ला रून हा ९०५ मीटरचा डोंगर, वर जायला १९२४ पासूनची दातेरी रुळांची गाडी, पस्तीस मिनिटं लागतात. ती कोल द साँ-तिन्यासहून सुटते, हिवाळ्यात बंद. तिकीट ऑनलाइन काढा, पण त्या आधी सकाळी डोंगराकडे बघा. माथा ढगात असेल तर वर गेल्यावर हात पुढे केला तरी दिसणार नाही, आणि पैसे त्याच धुक्याचे दिलेले असतील. माथ्यावर सीमा आहे, तिथल्या 'वेंता' म्हणजे स्पेनच्या हद्दीतल्या टपऱ्या. तिथून ऐनोआ, मग एस्पलेत.

एस्पलेतच्या मिरचीला २००० साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती फक्त दहा गावांच्या शिवारात पिकते. सप्टेंबरपासून घरांच्या पांढऱ्या भिंतींवर लाल माळा वाळत घातलेल्या दिसतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मिरचीचा उत्सव असतो. तिखट म्हणाल तर आपल्या जिभेला ती जाणवणारही नाही, बेडगीच्या वळणाची, रंग आणि वास जास्त. पूड घेताना बरणीवर मानांकनाचं चिन्ह आणि पिकाचं वर्ष बघा. जुनी पूड विटकरी-तपकिरी पडते, वास उडालेला असतो, आणि दुकानात पुढे मांडलेली बरणी पुष्कळदा उन्हात बसलेली असते. मागच्या फळीवरची मागा.

साँ-झाँ-पिए-द-पोर हे स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राच्या पायवाटेवरचं सुरुवातीचं गाव. पाठीवर पिशव्या आणि हातात काठ्या घेतलेले यात्रेकरू एप्रिल-मे आणि सप्टेंबरमध्ये इतके येतात की खोल्या सर्वांत आधी इथल्या संपतात. सगळ्या आरक्षणांत ही पहिली करा. गाडी तटाबाहेरच्या तळावर लावा आणि लावताना पाटी वाचा. हा मुद्दा दोनदा सांगण्यासारखा आहे: रविवारी संध्याकाळी मोकळी दिसणारी जागा सोमवारी पहाटे बाजाराची असते. पाटीवर 'मार्शे' हा शब्द आणि 'लँदी' म्हणजे सोमवार दिसला की तिथे रात्री गाडी ठेवायची नाही. सकाळी तिथे गाडी नसते, चीजवाल्याची मांडणी असते, आणि गाडी उचलून नेलेल्या तळावर जाऊन दंड भरण्यात बाजार संपतो. निळ्या रेषांची जागा असेल तर पुठ्ठ्याची निळी तबकडी काचेमागे ठेवून आल्याची वेळ लावायची. तंबाखूच्या दुकानात ती मिळते.

फ्रान्सच्या गावांतली गाडी चालवताना दोन गोष्टी अंगवळणी पडायला वेळ लागतो. गावाच्या नावाची लाल काठाची पांढरी पाटी आली की वेगमर्यादा ५०, मग ५० चा आकडा कुठे लिहिलेला असो वा नसो; तीच पाटी तिरकी रेघ मारून आली की गाव संपलं. दुसरी, उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. चौकात पाटी किंवा रेघ नसेल तर उजवीकडच्या बोळातून निघालेल्या ट्रॅक्टरलाही आधी जाऊ द्यायचं, तुम्ही कितीही मोठ्या रस्त्यावर असा. तो थांबणार नाही, कारण त्याने थांबायचंच नसतं. वर्तुळाकार चौकात मात्र उलट: आत फिरणाऱ्याला, म्हणजे डावीकडून येणाऱ्याला आधी. गावाबाहेर दुपदरी रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ८०. स्पेनमध्ये तशा रस्त्यावर ९०, आणि गावात दोन्ही दिशांना एकेकच पदर असेल तर ३०.

मंगळवारी इबान्येता खिंड. साँ-झाँहून रोन्सेस्वायेस सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, खिंड १०५७ मीटरवर, रस्ता वळणांचा. खाली ऊन असलं तरी वर धुकं मिळू शकतं. स्वेटर डिकीत नको, हाताशी हवा. साडेदहाला निघा. इथे जेवणाच्या घड्याळाचा फायदा होतो: फ्रान्समध्ये स्वयंपाकघर बारा ते दीड-पावणेदोन चालतं, स्पेनमध्ये दीड-दोनला सुरू होऊन साडेतीनपर्यंत. रोन्सेस्वायेस बघून पाम्प्लोनाला दोनच्या सुमारास पोचलात की ताटं नुकतीच मांडलेली असतात. याच्या उलट, स्पेनहून फ्रान्सकडे येताना अडीचला भूक लागली तर सुपरमार्केटच्या पावावर वेळ मारून न्यावी लागते. रात्रीचं जेवण स्पेनमध्ये साडेआठच्या आधी मागू नका.

शाकाहाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. फ्रान्सचा हा भाग बदकाचा आहे. बटाट्याचे काप बदकाच्या चरबीत तळलेले असू शकतात, 'सलाड लांदेझ'मध्ये पानांपेक्षा बदक जास्त. 'सां व्यांद', म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही, 'सां ग्रेस द कानार' म्हणजे बदकाची चरबी नको, हेही सांगा. स्पेनमध्ये त्याच अर्थाचं 'सिन कार्ने' म्हणालात तर हॅमचे तुकडे आणि ट्यूना मासा हे त्यांच्या हिशेबी मांस नव्हेच. 'एन्सालादा मिस्ता'वर ट्यूना हटकून, आणि भाज्यांच्या ताटात हॅमची फोडणी. म्हणून पूर्ण वाक्य: सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतुन. निर्धास्त मागावं असं: तळून मीठ भुरभुरलेल्या गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या, नाव्हार्राचा पांढरा शतावर, आणि अंडं चालत असेल तर तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. चीजमध्ये इदियासाबाल कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, काटेकोर असाल तर ते नाही.

बुधवारी एस्तेयाहून ओलिते करून या, राजवाडा नीटनेटका आहे (विसाव्या शतकात बराचसा नव्याने उभारलेला, हे लक्षात ठेवून बघा), जाताना किंवा येताना पुएंते ला रेइनाचा अकराव्या शतकातला पूल. गुरुवारी सकाळी एस्तेयाच्या प्लासा दे लोस फुएरोसमध्ये बाजार, दुपारी लोग्रोन्योवरून लागुआर्दिया. हे गाव टेकडीवर तटबंदीत आहे आणि आत गाड्यांना बंदी, कारण रस्त्यांखाली दोनशेहून जास्त तळघरं खोदलेली आहेत. सामान तटाच्या दारापासून ओढत न्यायचं, तेही दगडी फरशीवरून. चाकांची मोठी बॅग इथे रडवते. वाइनच्या तळघरांत आधी वेळ घेतल्याशिवाय शिरता येत नाही, आणि गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा.

शुक्रवारी दुपारी एर्रेराच्या खिंडीतून व्हितोरियाकडे निघा आणि वर सज्जावर थांबून मागे रिओहाचे द्राक्षमळे बघून घ्या. तोलोसाला रात्री पोचलात म्हणजे शनिवारी आठ वाजता बाजारात. ओरिया नदीवर छप्पर टाकलेल्या जागेत आसपासच्या शेतकरी बायका घरची भाजी मांडून बसतात: चार जुड्या, दहा अंडी, एक टोपली घेवडा. घेवडा काळा-जांभळा, टपोरा, तोलोसाचा म्हणून प्रसिद्ध. नवा माल शरद ऋतूत येतो. न भिजवता मंद आचेवर शिजवतात आणि रस्सा चॉकलेटच्या रंगाचा होतो. सोबत कोबी, रक्ताचं सॉसेज आणि शेजारच्या इबार्राच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हिरव्या मिरच्या. सॉसेज वेगळ्या ताटलीत देतात का, की घेवड्यातच शिजवलंय, हे आधी विचारा.

पैशांचं. आयफेल टॉवरवर यूपीआय चालतं म्हणून इथे फोन पुढे करू नका. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं, निघण्याआधी ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून, आणि बाजारासाठी थोडे रोख युरो. माणूस नसलेल्या पेट्रोल पंपावर यंत्र आधी शंभर-दीडशे युरो अडवून ठेवतं, चाळीसचंच भरलं तरी. फॉरेक्स कार्डात तेवढी शिल्लक नसेल तर पेट्रोलच सुटत नाही, आणि अडकलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस जातात. शक्यतो माणूस असलेला पंप बघा. डिझेलला फ्रेंचमध्ये 'गाझोल', स्पॅनिशमध्ये 'गासोलिओ', आणि पेट्रोलला 'गासोलिना'. गोंधळ व्हायलाच ठेवल्यासारखी नावं. म्हणून शब्द वाचू नका, नळीवरचं चिन्ह बघा: गोलात ई म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी म्हणजे डिझेल, दोन्ही देशांत तेच.

गाडी नकोच असेल तरी अर्धी फेरी होते. बायोनहून साँ-झाँला तासाभराची रेल्वे, तिथून पाम्प्लोनाला हंगामी बस, पाम्प्लोनाहून एस्तेयाला बस. लागुआर्दिया आणि डोंगरातली गावं तेवढी जड जातात. किनाऱ्याने जायचं तर आँदायला फ्रेंच गाडीतून उतरा; स्थानकाच्या दारासमोरच युस्कोत्रेन या बास्क रेल्वेचं छोटं स्थानक आहे, 'तोपो' नावाची गाडी दर अर्ध्या तासाने सुटते आणि पाऊण तासाच्या आत सान सेबास्तियान. या एका टापूत तीन मापांचे रूळ येतात: फ्रान्सचे १४३५ मिलिमीटर, स्पेनचे १६६८ (आपल्या ब्रॉडगेजहून जेमतेम आठ मिलिमीटर कमी) आणि तोपोचे मीटरगेज. म्हणूनच बायोनहून बसून थेट सान सेबास्तियानला उतरता येत नाही.

ओंदारिबियात शनिवार-रविवार ठेवण्याचं कारण सान पेद्रो रस्त्यावरचे पिंचो बार, म्हणजे पावावरचे छोटे घास देणारे बार. सोमवार-मंगळवारी त्यांतले बरेच बंद. रविवारी जेवण स्पेनच्या काठावर उरका, मग छोट्या होडीने दहा मिनिटांत बिदासोआचं मुख ओलांडून आँदायच्या वाळूवर जा. भाडं दोन-चार युरो, पण परतीच्या शेवटच्या होडीची वेळ धक्क्यावरच वाचून घ्या. पासपोर्ट खिशात हवा. नदीत थोडं वर फेझंट पक्ष्यांच्या नावाचं बेट आहे, फ्रान्स आणि स्पेनमध्ये १६५९ चा तह झाला ते. फेब्रुवारी ते जुलै स्पेनचं, ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सचं. उतरता येत नाही, इरुनच्या काठावरून दिसतं.

सोमवारी सकाळी बियारिट्झ विमानतळ पस्तीस किलोमीटर. टाकी इरुनमध्येच भरा, सहसा फ्रान्सपेक्षा स्वस्त पडतं, आणि पावती जपा. टोलनाक्यावर नारिंगी टी असलेल्या रांगेत शिरू नका, ती उपकरणवाल्यांची. विमानतळावर चारी बाजूंचे आणि चाकांचे फोटो काढा, काट्याचाही. मग किल्ली द्या.